त्रेचाळीस घसरगाडे

"आधी दुखरा पाय. तो वर गेला की उरलेली बाई आपोआप येते," असं म्हणत फान्युएल मुझोंडोने बायकोच्या काखेत हात घातला.

"पाय माझा आणि अक्कल तुमची!" माई शुवाई, म्हणजे शुवाईची आई, कण्हता कण्हता हसली. "हळू जरा. मी काय लाकडाचा ओंडका आहे?"

"ओंडका बरा. तो बोलत तरी नाही."

घसरगाड्यावर मक्याच्या सालपटांनी भरलेलं पोतं अंथरलं होतं. त्यावर तिला नीट टेकवून त्याने तिच्या पांढऱ्या झग्याची कड गोळा केली आणि तिच्या मांडीवर ठेवली, वाटेतली लाल माती लागायला नको म्हणून. कमरेची निळी पट्टी तिने स्वतः सारखी केली. शेजारी माहेऊने, मक्याच्या आंबिलीने, भरलेला डबा ठेवला आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप. रोप तिच्या नावाचं होतं. त्याच्या नावाचं रोप यंदाही कुणी काढून ठेवलं नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं.

त्या दिवशी मंडळीत वर्षातलं मोठं प्रभुभोजन होतं, झाडं लावण्याचं.

घसरगाडा ही काही मोठी करामत नव्हे. ज्या झाडाचं खोड दोन सारख्या फांद्यांत फुटलं आहे असं झाड रानात हेरायचं, बुंध्याशी तोडायचं, त्या बेळक्याचं टोक बैलांच्या साखळीला अडकवायचं आणि वर आडव्या फळ्या ठोकायच्या. चाक नाही, आस नाही, मोडण्यासारखं काहीच नाही. बैल ओढतात आणि गाडा जमिनीवरून घसरत जातो. टोक्वे नदीच्या या काठाला अशा गाड्यांसाठी लोक एकाच माणसाकडे येत, आणि तो म्हणजे मुझोंडो; लोक त्याला मानाने सेकुरू, आजोबा, म्हणत. चाळीस वर्षांत त्याने त्रेचाळीस गाडे केले होते आणि त्यातला एकही मधेच उकलला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

पण घसरगाडा जिथून जातो तिथे जमिनीला ओरखडा काढतो. पावसात त्या ओरखड्यातून पाणी धावतं. दोन वर्षांनी त्याचा ओहोळ होतो आणि वीस वर्षांनी त्यात अख्खी गाय मावते. गाड्यांवर सरकारने बंदी घालून जमाना लोटला होता. पण सरकार लांब, दवाखाना त्याहून लांब, आणि चाकांच्या गाडीला लागणारा जुन्या मोटारीचा आस तर सगळ्यांतच लांब. तेव्हा गाडे चालत राहिले आणि घळ वाढत राहिली. आता ती वाढत वाढत मंडळीच्या मुहाचाच्या झाडापासून बारा पावलांवर येऊन ठेपली होती. सायन पंथाच्या या ख्रिस्ती मंडळीला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. जे काही देऊळ होतं ते म्हणजे हेच झाड.

मोठ्या दुष्काळानंतर बिशप तागविरांनी नवा नेम घालून दिला. प्रभूची भाकर घेण्याआधी प्रत्येकाने पापं कबूल करायची ती नुसती माणसांविरुद्धची नाहीत, भुईविरुद्धचीही. हातात रोप धरून रांगेत यायचं, सगळ्यांसमोर बोलायचं, मग भाकर घ्यायची आणि रोप लावायचं. सुरुवातीला बरीच कुजबुज झाली. दारू, भांडण, शेजाऱ्याची बायको, यांची कबुली द्यायला लोक सरावलेले होते. पण ओली फांदी तोडली म्हणून देवासमोर मान खाली घालायची? हळूहळू तेही अंगवळणी पडलं. दोन-चार महाभाग दरवर्षी तीच फांदी त्याच शब्दांत कबूल करत आणि पुन्हा तोडायला मोकळे होत.

मुझोंडो मात्र दोन वर्षं रांगेत उभा राहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बिशपांच्या हाताखालच्या डीकन मकामुरेने भर सभेत त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. "भुईला चेटूक करणारा इथेच बसलाय," तो ओरडला होता. "ही घळ ज्याच्या हातची, त्याने आधी बोलावं!" म्हातारा उठला, बैलांपाशी जाऊन बसला आणि तेव्हापासून तिथेच बसत होता. मकामुरे माफी मागेपर्यंत मी त्या रांगेत पाय ठेवणार नाही, असं त्याने बायकोला सांगितलं. हे कारण त्याला शोभलं आणि सगळ्या गावाला पटलं. मुझोंडो नाकावर माशी बसू देत नाही, असं लोक म्हणत.

खरं कारण वेगळं होतं. कबूल करायचं म्हणजे सोडायचं, एवढं त्याला कळत होतं. सकाळी बिशपसमोर कबुली द्यायची आणि दुपारी त्याच गाड्यावरून घरी जायचं, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं, त्याला नाही. आणि गाडा सोडला तर माई शुवाईला इथवर कोण आणणार? दुष्काळाच्या साली आटलेल्या विहिरीत पाणी भरायला उतरताना ती पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात न्यायला तीन दिवस उशीर झाला आणि ते वाकडंच सांधलं. अंगणात काठी टेकत ती फिरे. एक मैलाची वाट तिला डोंगराएवढी होती. आठवडाभर ती रविवारकडे डोळे लावून बसे. तिचा रविवार काढून घेऊन स्वतःची भाकर मिळवायची, हे मुझोंडोला चोरीसारखं वाटे. म्हणून तो बाहेर बसे, आणि हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"टायगर, चल. शुगर, उठव पाय," त्याने बैलांना हाकललं. दोन चांगल्या सरी पडून गेल्या होत्या. गाडा ओल्या मातीवरून आवाज न करता सरकू लागला.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला. "बाबा शुवाई, आज तरी चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"कुठे म्हणून काय विचारता? रांगेत."

"तिथे मकामुरे आहे."

"मकामुरे उद्या स्वर्गातही असेल. तिथेही येणार नाही?"

"स्वर्गात झाडं बरीच असतील. त्याने एकाखाली बसावं, मी दुसऱ्याखाली बसेन."

ती हसली नाही. "अडतीस वर्षं आपण शेजारी उभं राहून भाकर घेतली. आता बाकीच्या बायका नवऱ्याबरोबर घेतात आणि मी खांबासारखी एकटी. घास घशात अडकतो माझ्या."

त्याने उगाचच शुगरला एक चापटी मारली. शुगरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, माझं काय चुकलं अशा नजरेने.

मुहाचाखाली शे-दीडशे माणसं जमली होती. पांढरे झगे, निळ्या-हिरव्या पट्ट्या, एका बाजूला काढून ठेवलेल्या वहाणांची रास. झाडाभोवती दगडांचं कडं होतं आणि घसरगाडा त्या कड्याच्या आत आणायचा नाही असा नेम होता. मुझोंडोने बाहेरच बैल सोडले. दोन बायका आल्या आणि माई शुवाईला दोन्हीकडून धरून घेऊन गेल्या. जाता जाता तिने एकदा मागे वळून पाहिलं. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिचा चेहरा असा उजळला, की बाहेर बसण्याचं सार्थक झालं असं मुझोंडोला वाटलं. तो गाड्याच्या कडेवर टेकला.

ढोल वाजले, गाणी झाली, बिशपांचं बोलणं झालं. बिशप तागविरा लहानखुरे, आवाजाने मोठे. त्यांच्यासमोर मातीचं भांडं होतं, त्यात पाण्यात कालवलेली शेतातली माती. कबुली झाली की ते त्यात पानांची डहाळी बुडवून माणसाच्या माथ्यावर शिंपडत आणि मंडळी ओंजळी वाजवी, म्हणजे पोकळ तळव्यांची टाळी. शेजारी यादी धरल्यासारखा ताठ उभा होता डीकन मकामुरे. वय अडतीस, आणि चुकीला क्षमा नाही असा चेहरा.

"मी नदीच्या अगदी कडेला भोपळे लावले," एक बाई म्हणाली. "काठ ढासळला. ढासळणार हे मला माहीत होतं."

ओंजळी वाजल्या.

"मी मधाच्या पोळ्यासाठी अख्खं झाड पेटवलं," एक गृहस्थ म्हणाले. "आणि मध निघाला फक्त वाटीभर."

"म्हणजे हंडाभर निघाला असता तर चाललं असतं?" बिशपांनी विचारलं. मंडळी हसली, गृहस्थ ओशाळले, आणि त्यांच्या माथ्यावर जरा जास्तच पाणी पडलं.

मग माई शुवाईची पाळी आली. आधार देणाऱ्या दोघींना तिने मानेनेच दूर केलं आणि काठीवर भार टाकून ती एकटी उभी राहिली. दुसऱ्या हातात रोप होतं. बाहेर बसलेल्या मुझोंडोने कान टवकारले. दरवर्षी ती एकच सांगे, चुलीत एक लाकूड जास्त घातलं म्हणून.

"मी एरिना मुझोंडो," ती म्हणाली. "माझं पाप तोडण्याचं नाही. वाळल्या काटक्यांपलीकडे मी काही तोडलेलं नाही. माझं पाप बसण्याचं आहे."

मकामुरेने भुवया उंचावल्या. कबुलीत असं पाप आजवर आलं नव्हतं.

"या गावात मी नवरी म्हणून आले ती घसरगाड्यावर बसून. मागे वळून पाहिलं तर जमिनीवर दोन रेघा उमटत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठीच नक्षी काढलीय कुणी. मी हसत आले. तेव्हा जी बसले ती अजून उतरले नाही. आजही बसूनच आले."

"माई, गाडा करणारा वेगळा..." मकामुरेने सुरुवात केली.

"मी बोलतेय, मकामुरे." ती बिशपांकडे वळली. "माझा नवरा दोन वर्षं रांगेबाहेर बसतो. तुम्ही म्हणता, म्हातारा गर्विष्ठ. मलाही त्यांनी तेच सांगितलंय. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं खोटं मला कळणार नाही? कबूल केलं तर गाडा सोडावा लागेल. गाडा सोडला तर मी चार भिंतींत पडेन. म्हणून तो बसतो बाहेर, उन्हात, बैलांशेजारी. भाकर मी खाते आणि उपास तो करतो." तिने काठीवरची पकड घट्ट केली. "आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून मी गप्प राहिले, कारण मला यायचं होतं. तुम्हा सगळ्यांची तोंडं बघायची होती, गाणी ऐकायची होती. हे माझं पाप. आता शिंपडा पाणी."

बिशपांचा हात भांड्यातच राहिला. कुणी ओंजळ वाजवली नाही. बाहेर मुझोंडो दगडासारखा बसला होता. त्याला आधी राग आला, चारचौघांत हे काय, असा. मग लाज वाटली. आणि मग एकाएकी छाती भरून आली. दोन वर्षं आपण एकटेच हे ओझं वाहतोय असं त्याला वाटत होतं. ती त्याचं दुसरं टोक धरून होती.

मकामुरे खाकरला. "नेम असा आहे, माई, की ज्याचं पाप त्याने कबूल करावं. झाडं तोडली सेकुरूंनी. त्यांच्या वतीने तुम्ही..."

"मी माझंच सांगतेय. आणि नेम मला तू शिकवू नकोस. तुझी आई तुला घेऊन दवाखान्यात निघाली होती. दवाखाना यायच्या आत तू कुठे जन्मलास, ते सांग की सगळ्यांना."

मागच्या म्हाताऱ्या बायकांत खसखस पिकली.

"सांग, सांग," त्यांतली एक म्हणाली. "मी होते तिथे. नाळ मीच कापली."

मकामुरेचा चेहरा पडला. "घसरगाड्यावर," तो हळूच म्हणाला.

"कुणाच्या?"

"सेकुरू मुझोंडोंच्या."

"असा किंचाळलास की बैल उधळले!" म्हातारी ओरडली आणि सगळी मंडळी खो खो हसली. बिशपही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग हात वर करून शांतता केली.

"या झाडाखाली असं कोण कोण आहे," त्यांनी विचारलं, "जो मुझोंडोच्या गाड्यावर कधी बसलेला नाही?"

काही तरुण पोरी-सुनांनी हात वर केले, परगावाहून लग्न होऊन आलेल्या. बाकी कुणाचाही हात वर झाला नाही.

बिशपांनी डहाळी भांड्यात परत ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला माफी मागायला शिकवलं. आभार मानायला शिकवायचं राहूनच गेलं. ती चूक माझी." ते दगडांच्या कड्यापर्यंत चालत आले. "सेकुरू, आत या. तुमची झाडं तुम्हाला आठवतात का?"

"सगळी," मुझोंडो म्हणाला.

"मग सांगा. एकेक सांगा. आणि कशाला लागलं तेही सांगा."

मुझोंडो वहाणा काढून आत गेला. बायकोशेजारी उभा राहिला, तिच्याकडे न बघता. एवढ्या लोकांपुढे तो कधी बोलला नव्हता. पण झाडांबद्दल बोलायला त्याला शब्द शोधावे लागणार नव्हते.

"पहिलं मुटोंडोचं. टेकडीच्या पाठीमागे होतं, एकटंच. त्यावर ही आली."

ढोलवाल्याने एक थाप दिली. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला आपलं वाटलं. आणि मंडळी एका आवाजात म्हणाली, "आभार."

"दुसरं मुसासाचं, ओढ्याच्या वळणावर. त्यावर शाळेचे पत्रे आले."

थाप. "आभार."

"तिसरं आतून पोकळ निघालं. तोडल्यावर कळलं. ते वाया गेलं." तो क्षणभर थांबला. "त्याचं मला अजून वाईट वाटतं."

मग कुणीतरी म्हणालं, "त्याचेही आभार," आणि थाप पडली.

तो सांगत गेला. कुठलं झाड कुठे होतं, त्याला फळं कशी यायची, त्यावर कुणाचं घरटं होतं. कुठल्यावर कुणाची आई दवाखान्यात गेली आणि परत आली, कुठल्यावर कुणाचा बाप कबरीकडे गेला. लढाईच्या दिवसांत एका गाड्यावर गवताखाली लपवून कोण गेलं होतं, हेही त्याने सांगितलं. दुष्काळातले दोन गाडे फक्त पाण्याची पिंपं वाहून झिजले होते. मध्येच तो अडखळला की लोक आठवण करून देत. "सेकुरू, आमच्या घराचं दार!" "सेकुरू, गिरणीचं जातं!" ज्याचं नाव निघे तो उभा राही. पाचव्या झाडापाशी मकामुरेचा जन्म आला आणि डीकन मान खाली घालून उभा राहिला. सावली सरकून दगडांच्या कड्याबाहेर गेली, उन्हं अंगावर आली, भाकरीवरचं फडकं दोनदा ओलं करावं लागलं. तरी कुणी उठलं नाही. शेवटचं झाड आलं तेव्हा अर्ध्याहून अधिक मंडळी उभी होती आणि ढोलवाल्याचा तळवा लाल झाला होता.

"हे झाले आभार," मुझोंडो म्हणाला. "आता कबुली."

"सेकुरू, आता ती नसली तरी..." मकामुरे पुटपुटला.

"का नसली? मला भाकर हवीय." त्याने हात पुढे बांधले. "माणसं वाहिली त्याची माफी मी मागणार नाही. ते मी पुन्हा केलं असतं. पण वाट मी सरळ उतारावरून पाडली. टेकडीला वळसा घालून नेता आली असती. थोडी लांब पडली असती, पण पाणी तिच्यातून धावलं नसतं. मला ते तेव्हाही कळत होतं. बैलांना सरळ वाट आवडते आणि मला घाई होती. ही घळ त्या घाईची आहे. आणि वाया गेलेलं धरून चव्वेचाळीस झाडं नेली, त्यांच्या जागी एक बी टाकलं नाही. हे माझं पाप. आजपासून गाडा करणार नाही, आणि बसणारही नाही."

शेवटचे शब्द बोलताना त्याने पहिल्यांदाच बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

बिशपांनी डहाळी बुडवली आणि दोघांवर एकदमच पाणी शिंपडलं. शंभर-दीडशे ओंजळी वाजल्या. मुझोंडोने तोंडावरून ओघळणारं मातीचं पाणी पुसलं नाही. मग मकामुरे बिशपांशेजारची आपली जागा सोडून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. जाताना म्हाताऱ्यासमोर थांबला, गुडघे वाकवून त्याने ओंजळ वाजवली आणि म्हणाला, "सेकुरू, मी तुम्हाला जे म्हणालो ते माझं चुकलं."

"आवाज जन्मापासूनच मोठा आहे तुझा," मुझोंडो म्हणाला. "जा, रांग धर."

भाकर घेताना दोघं शेजारी उभी होती. मुझोंडोने दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून तुकडा घेतला. तो नुसता पावाचा तुकडा होता, उन्हाने कडेला सुकलेला. तो तोंडात विरघळेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. देवाचे आभार मानायचे ठरवून ठेवलेले शब्द त्याला आठवलेच नाहीत. शेजारी माई शुवाईने घास गिळल्याचा आवाज त्याने ऐकला आणि त्याच्यापुरती तेवढीच प्रार्थना झाली.

मग लोक रोपं घेऊन घळीकडे निघाले. खड्डे आधीच खणून ठेवले होते, घळीच्या तोंडाशी, अगदी कडेवर. मुझोंडोने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी खणले?"

"मी," मकामुरे म्हणाला.

"मागच्या वर्षीची रोपंही इथेच लावलीस ना? किती उरली?"

"एकही नाही. आम्हाला वाटलं, प्रार्थना कमी पडली."

"प्रार्थनेला बोल लावू नकोस. पाणी इथून पडतं, इथे देव स्वतः उभा राहिला तरी वाहून जाईल. आधी वर चला. पाण्याला तिथे अडवायचं, मग इथे लावायचं." तो सगळ्यांना घळीच्या वरच्या टोकाकडे घेऊन गेला, जिथे ती जेमतेम कमरेएवढी होती. गडीमाणसांना दगड गोळा करायला लावले. मग दगडांच्या कड्याबाहेर जाऊन आपला गाडा ओढत आणला. त्यावरचं पोतं त्याने काढलं, झटकून बाजूला ठेवलं. चार जणांनी गाडा उचलला आणि घळीत आडवा घातला. तो म्हणाला तसे त्यांनी त्याच्या दोन्ही बाहूंमागे दगड रचले, काटेरी फांद्या कोंबल्या, वर माती ओढली. काम तासाभरात झालं. सगळ्यांना कळत होतं, म्हाताऱ्याची बायको परत कशी जाणार होती ते.

मंडळीची रोपवाटिका सांभाळणाऱ्या बायकांनी त्याच्यासाठी एक उरलेलं रोप शोधून आणलं, काटेरी मुउंगाचं, वीतभरही नव्हतं. त्याने आणि माई शुवाईने आपापली रोपं बांधाच्या खालच्या अंगाला शेजारी शेजारी लावली. रोपाला चार शब्द सांगायचा नेम होता. तिने बरेच सांगितले. तो एवढंच म्हणाला, "बाबा रे, जग."

उन्हं कलली तसे लोक निघाले. बैल मोकळेच पुढे चालू लागले, त्यांना वाट माहीत होती. मुझोंडोने पोतं खांद्यावर टाकलं आणि बायकोचा हात आपल्या दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"दुखेल," तो म्हणाला.

"दुखू दे. आज घास घशात अडकला नाही."

दहा पावलं गेल्यावर ती थांबली. मग पुन्हा आठ. त्याला पुढची वाट दिसत होती, त्यातला प्रत्येक चढ आणि प्रत्येक खड्डा. आपण शब्द देऊन बसलो याचा त्याला क्षणभर पश्चात्ताप झाला.

"पुढच्या रविवारचं काय?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी लवकर निघू," ती म्हणाली.

त्याच वाटेने घरी जाणारी तीस-चाळीस माणसं मागून येत होती. वाट रुंद होती आणि पुढे जायला पुष्कळ जागा होती. मकामुरेच्या बायकोला घरी आठ जणांसाठी मक्याच्या पिठाचा साद्झा रांधायचा होता, ढोलवाल्याला गुरं बांधायची होती. पण म्हातारा-म्हातारीच्या पुढे कुणी गेलं नाही. माई शुवाई दम घ्यायला थांबली की मागे सगळे थांबत, बोलणं सुरू ठेवून, जणू त्यांनाही तिथेच थांबायचं होतं. ती निघाली की निघत.

मुझोंडोने एकदा मागे वळून पाहिलं. पांढऱ्या झग्यांची लांब रांग त्यांच्या मागून सावकाश येत होती, आणि तिच्या अगदी शेवटी, वहाणा हातात घेतलेला डीकन मकामुरे.

"काय झालं?" माई शुवाईने विचारलं.

"काही नाही. तू सावकाश चल. कुणालाच घाई नाही," तो म्हणाला.